मच्छिंद्राची सोडवणूक

ताईबाईनं एकदा मनावर घेतलं की घरातल्या बाकीच्यांनी नुसतं हो म्हणायचं उरतं. दसऱ्याचं सोनं लुटून झाल्याबरोबर तिनं धाकट्या पोपटला न्हावऱ्याच्या फाट्यावर पिटाळलं आणि दौंडच्या एसटीच्या कंडक्टरपाशी निरोप दिला. येत्या रविवारी मच्छिंद्रानं बायकोला घेऊन घरी यायचं, बिरोबापुढं बसायचं आहे. दुसरा निरोप शिरूरला, तिचे भाऊ मारुतराव यांना. लेकीला, अनसाबाईला, निरोप धाडायचं कारण नव्हतं. नवरा गेल्यापासून ती माहेरीच होती आणि मागच्या पडवीत, मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीशेजारी झोपत होती.

पोपट निरोप देऊन आला तो धुसफुसतच.

"आये, कशापायी हे उकरून काढतीस? दोन सालं झाली. राख खाली बसलीय. बसू दे की."

"राख खाली न्हाई बसली, त्याच्या तोंडावर बसलीय," ताईबाई म्हणाली. "डोळ्याच्या आपरेशनला म्हैनाभर दौंडला ऱ्हाऊन आले न्हवं का मी? म्हैनाभरात त्यानं मला धड उत्तर दिलं न्हाई. मी म्हनायचे, मच्छिंदर, च्या घेतोस का? त्यो आपला खिडकीतनं रेल्वेच्या लायनीकडं बघत बसायचा. हातानं हलवलं की वळायचा आन् म्हनायचा, काय गं? जशी मी शेजारची बाई, साखर मागाय आलीया."

"शेडातनं दमून येत असंल."

"दमलेला मानूस जेवतो, झोपतो. आईशी बोलायचं टाकत न्हाई. त्यो रागावलाय माझ्यावर. मी बांधून घातला त्याला."

बांधून घातलं होतं हे खरंच होतं आणि त्या दोरीला पोपटचाही हात लागला होता.

कोकऱ्यांच्या घरात नाव पोपट ठेवलं धाकट्याचं आणि उडायचं वेड लागलं थोरल्याला, असं शिरूरचे सोयरे हसून म्हणायचे. पंधरा वर्षं मच्छिंद्र हवाईदलात हेलिकॉप्टरचे नटबोल्ट आवळत होता. उडवायचे साहेब, हा खाली उभा राहून बोटानं खूण करायचा आणि सुटलेल्या वाऱ्यात डोळे बारीक करून वर बघायचा. मॅट्रिक नापासाला वर बसू देत नाहीत हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण मनातून गेलं नाही. सुटून आला तेव्हा बाप अंथरुणाला खिळलेला. मग बापाचं दिवसपाणी, मग पोपटचं लग्न, मग अनसाचं. दर साली तो म्हणायचा, पुढच्या साली बघू. शेवटी उसावर पाकोळीची कीड पडली आणि घोड-भीमेच्या पट्ट्यात फवारणीची कंपनी आली. तिच्या कॅप्टनसाहेबानं मच्छिंद्राला मेकॅनिक म्हणून घेतलं आणि सांगितलं, दोन हंगाम मशीन सांभाळ, तिसऱ्याला तुला शिकायला पाठवतो. त्या दुसऱ्या हंगामात मच्छिंद्रानं आपल्या मेव्हण्याला, अनसाच्या नवऱ्याला, म्हस्कूला, तिथं झेंडेवाला म्हणून लावून दिलं.

झेंडेवाल्याचं काम सोपं. उसाच्या शेवटाला पांढरा झेंडा धरून उभं राहायचं, वरच्या माणसाला ओळ दिसली की बाजूला व्हायचं. पण म्हस्कू होता मेंढका. कळप पुरा डोक्यावरून गेल्याशिवाय राखणीची जागा सोडायची नाही, हे त्याच्या हाडात भिनलेलं. तो बाजूला झालाच नाही. हेलिकॉप्टर डोक्यावरून जाईपर्यंत तो झेंडा धरून ताठ उभा राहायचा, आणि वरून पडतं ते औषध अंगावर नको म्हणून खांद्यावरची घोंगडी डोक्यावर घ्यायचा. पावसात जशी घेतात तशी. लोकर सगळं पिऊन बसली. संध्याकाळी तीच घोंगडी पांघरून तो कंपनीच्या तंबूत मच्छिंद्राशेजारी झोपला आणि सकाळी उठला नाही.

तेराव्याला ताईबाईनं मच्छिंद्राच्या ओंजळीत बेलभंडार ठेवला. पळसाच्या पानावर बेल, वर हळदीचा भंडारा. "भिंगरीत बसनार न्हाई म्हन," ती म्हणाली. हेलिकॉप्टरला ती भिंगरीच म्हणायची. शिकायला जायला तेव्हा महिना उरला होता. मच्छिंद्रानं बहिणीच्या कपाळाकडं बघितलं आणि शब्द दिला. पानाखाली आईचा हात होता, मामाचा, पोपटचा आणि अनसाचा. या चौघांनी सोडल्याशिवाय तो शब्द सुटणार नव्हता. दुसऱ्या आठवड्यात त्यानं कंपनी सोडली आणि दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून लागला.

आता कंपनीच्या कॅप्टननं पुन्हा निरोप धाडला होता. या हिवाळ्यात पाठवतो, पुढच्या साली तुझं वय निघून जाईल. मच्छिंद्रानं गावाकडं अवाक्षर काढलं नव्हतं. ताईबाईला ते रंभानं सांगितलं, आणि म्हणून ही सगळी धावपळ.

*

रविवारी एसटीतून उतरल्यापासून रंभा नवऱ्याच्या मागून चालत होती. नदीकडच्या टेकाडावर पुण्याच्या कॉलेजातली माणसं जुन्या वस्तीच्या खुणा शोधायला खड्डे खणून बसली होती. पोपट उन्हाळ्यात त्यांच्याकडं रोजावर जायचा. तिनं मागून विचारलं, "आवो, तुमी ठरवलंय का काय म्हनायचं ते?" त्यानं उत्तर दिलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. सवय झाली होती.

रंभाला एक गोष्ट कुणाला सांगता आली नव्हती. बेलभंडार उचलला त्या दिवशी सगळं घर रडत होतं आणि ती मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकत होती. नवरा आता खाली राहणार. पंधरा वर्षं तिनं त्याला सुट्टीपुरतं बघितलं होतं; आता रेल्वेची खोली मिळणार, पोरं एका शाळेत शिकणार, भोंगा वाजला की माणूस घरी येणार. सगळं तसंच झालं. फक्त जो माणूस घरी यायला लागला तो बोलत नव्हता. भाजीत मीठ कमी असलं तरी बोलत नव्हता. पहिलं वर्ष तिनं दुःख म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी तिला वाटायला लागलं की आपल्या मनातला तो सुटकेचा श्वास याला कळलाय.

म्हणूनच तिनं सासूला कॅप्टनचा निरोप सांगितला. जाऊ दे, उडू दे, पण बोलू दे.

ओसरीवर मारुतराव तक्क्याला टेकून बसले होते. शिरूरहून सकाळच्या गाडीनं आलेले, पटका अजून उतरवला नव्हता. भाऊबंदांत बेलभंडार देण्या-सोडवण्याचं काम त्यांच्याकडं वडिलांपासून चालत आलेलं. चहा झाला आणि त्यांनी विषय काढला.

"शब्द बांधताना तोंडाकडं बघून बांधत्यात. सोडताना तोंडाकडं बघायचं न्हाई. कशापायी? मानूस भिडंखातर सोडतो. समोर भाऊ रडतोय, मग न्हाई कसं म्हनायचं? म्हनून ज्याला सोडवायचं त्यानं देवाकडं तोंड करून बसायचं, डोळं मिटायचं. सोडनाऱ्यानं पाठीमागं उभं ऱ्हायचं. सोडायचं असंल तर तीनदा म्हनायचं, सोडलं. त्यानं दर बारीला म्हनायचं, पावलं. सोडायचं नसंल तर गप ऱ्हायचं. गप ऱ्हायल्याला कुनी नावं ठिवायची न्हाईत."

"मी गपच ऱ्हानार," पोपट म्हणाला.

"पोपट!" ताईबाई ओरडली.

"खरं ते बोलतो. म्हस्कूला टेंपोतनं मी आनला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. तोंडाला फेस हुता आन् घोंगडीचा वास अजून माझ्या नाकात हाय. आता दादाला आनाय मी जायाचं का? तुमाला काय, तुमी रडून मोकळं हुता."

"त्या भिंगरीनं न्हाई मारलं म्हस्कूला," मारुतराव म्हणाले. "त्याच्या घोंगडीनं मारलं."

"मग बेलभंडार कशाला उचलाय लावला, मामा? तुमीच तर पान धरलं हुतं."

मारुतरावांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "तवा कुनालातरी बांधायचं हुतं, बाबा," ते हळू म्हणाले. "घरात दुःख एवढं झालं हुतं की कायतरी बांधल्याबिगर ऱ्हावत नव्हतं. मच्छिंदर समोर हुता. त्याला बांधला."

सगळे मच्छिंद्राकडं बघायला लागले. तो खांबाला टेकून बसला होता, नजर अंगणातल्या कोंबड्यांवर. जणू ही पंचाईत शेजारच्या घरातली होती. हेच पोपटला सहन झालं नाही.

"बघा! बघा ह्याच्याकडं!" तो उठून उभा राहिला. "आपून इथं त्याच्यापायी भांडतोय आन् हा कोंबड्या मोजतोय. दोन सालं असंच. शिवारात हाक मारावी तर ओ न्हाई. पंपाचं काय इचारलं तर मान हलवून मोकळा. दादा, तुला आमचा येवढा इट आलाय का?"

पोपटचा आवाज चढला तसा मच्छिंद्र वळला. "काय झालं रं?"

"काय झालं म्हनं!" पोपटच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मामांकडं वळला. "मामा, मी सोडतो. असलं मढ्यावानी तोंड घिऊन ह्यो आमच्यासाठी ऱ्हानार असंल तर नगं ऱ्हाऊ. जाऊ दे. उडू दे न्हाई तर पडू दे."

"असं वंगाळ बोलू नगंस, मेल्या," ताईबाई म्हणाली, पण तिचा चेहरा उजळला. तिघं झाले. एक राहिली. आणि ती एक ओसरीवर आलीच नव्हती.

"तिला कुनी समजवाय जायचं न्हाई," मारुतरावांनी बजावलं. "तिचा नवरा गेलाय. तिच्या मनानं हुईल ते हुईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कुणाचं लक्ष नाही बघून रंभा मागच्या पडवीत गेली.

*

अनसाबाई एका अशक्त कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. म्हस्कूची पंधरावीस मेंढरं होती ती तिनं विकू दिली नव्हती.

"समजवाय आलीस, वैनी?"

"न्हाई. बसाय आले." रंभा खरंच बसली. कोकराच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "अनसाबाई, तुला वाटंल तेच कर. मला फकस्त येवढं सांग, तू त्यांच्याशी बोलत का न्हाईस? समोर आले की आत जातीस."

अनसाबाईचा आवाज आधीपासूनच बारीक. लहानपणी आई म्हणायची, हिनं बाजारात हाक मारली तर हिची हिलाच ऐकू जायची नाही. आता तर तो आणखी बसला होता.

"मी बोलले हुते. गेल्या नागपंचमीला आला हुता त्यो. न्हाणीपाशी हात धूत हुता. मी मागं उभी ऱ्हाऊन इचारलं, दादा, त्या राती त्यो तुला कायी बोलला का? त्याला लई तरास झाला का? दोन सालं तेवढंच इचारायचं हुतं मला. त्या तंबूत दादाच हुता ना त्याच्यापाशी. इचाराय मला किती बळ आनावं लागलं, तुला काय सांगू." तिनं कोकराच्या तोंडातली बाटली नीट धरली. "त्यानं हात धुतले, उपरण्याला पुसले आन् निघून गेला. वळून बघितलंसुदिक न्हाई. त्या दिसापास्नं मी बोलायचं सोडलं."

आपला माणूस इतका कठोर नाही, हे सांगायला रंभाकडं एकही पुरावा नव्हता. उलट तिच्या स्वतःच्या तक्रारी तिच्या घशाशी आल्या होत्या.

"माझ्यासंगबी तसाच वागतो," ती म्हणाली. "मला वाटायचं, मलाच."

कोकरानं दूध संपवलं आणि रिकामी बाटली ओढत राहिलं.

*

मच्छिंद्र नदीकडं निघून गेला होता. बिरोबाकडं जायला अजून अवकाश होता.

त्याच्या मनात एकच विचार होता: अनसानं सोडू नये.

तो गेल्या महिन्यात पुण्याला जाऊन आला होता. शेडमध्ये सुट्टी टाकली, रंभाला सांगितलं स्टोअरचं काम आहे. कॅप्टननं कॅम्पातल्या डॉक्टरकडं पाठवलं होतं. शिकायला घ्यायच्या आधी तपासणी लागते. शब्द भिंगरीत न बसण्याचा होता; नुसत्या तपासणीनं तो मोडत नव्हता. डोळे पास झाले, छाती पास झाली, डॉक्टर म्हणाला, घोड्यासारखा आहेस. मग त्यानं मच्छिंद्राला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मी मागून हळू आवाजात आकडे बोलेन, तू तेच मोठ्यानं म्हण.

मच्छिंद्र उभा राहिला. भिंतीवर पाल होती. तो डॉक्टर सुरू करायची वाट बघत होता. पाल हलली, पंख्याचा वारा मानेला लागला, आणि बऱ्याच वेळानं डॉक्टर खांद्याला हात लावून त्याच्यापुढं आला. "झालं," तो म्हणाला.

"सुरू कुठं केलं, साहेब?"

डॉक्टरनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि मोठ्यानं, नीट समजावून सांगितलं. पंधरा वर्षं इंजिनाशेजारी उभं राहून बारीक आवाज मेलेत. आता शेडमधल्या हातोड्यांनी उरलेले चाललेत. पुरुषांचा भरडा आवाज येईल, कुजबूज येणार नाही, बायकापोरांचा येणार नाही. औषध नाही. वर बसणाऱ्याला हे चालत नाही.

कॅप्टन बाहेर थांबला होता. त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाला. बहुतेक चांगलंच म्हणाला असेल.

गाडीनं दौंडला परत येताना मच्छिंद्राला केडगावपर्यंत रडू आलं नाही. नंतर आलं. ज्या आवाजाच्या खाली उभं राहून त्यानं सगळी उमर स्वप्न बघितलं, त्याच आवाजानं त्याला खाल्लं होतं. आणि सगळ्यात मोठी चेष्टा ही, की शब्द दिला तेव्हाच कदाचित उशीर झालेला होता. दोन वर्षं तो बेलभंडाराला दोष देत झोपला. आईला दोष देत, मामाला दोष देत. आता तेवढाही आधार राहिला नव्हता.

घरी सांगायला जीभ उचलली नाही. सांगितलं असतं तर काय उरलं असतं? शेडमधला एक बहिरा फिटर. न सांगता निदान असं होतं, की एक माणूस होता, उडणार होता, बहिणीच्या दुःखापायी थांबला. लोक तसं बोलायचे. त्याला ते ऐकायला आवडायचं.

म्हणून अनसानं आज गप्प राहावं. तिचा हक्क होता तो. तिनं सोडलं नाही तर शब्द तसाच बांधलेला राहील, आणि तो शेवटपर्यंत म्हणू शकेल, मी गेलो असतो. पण अनसानं सोडलं, तर सगळे विचारणार, कधी जातोस?

नदीत पाणी चांगलं होतं. पलीकडच्या काठावर कुणी बाई धुणं आपटत होती. हात वर जाताना दिसत होता, खाली येताना दिसत होता. आवाज येत नव्हता. किती दिवसांपासून येत नव्हता, हे त्याला आठवेना.

*

बिरोबाचं ठाणं गावाबाहेर, लिंबाखाली. वारा सुटला होता. मारुतरावांनी पळसाचं पान मांडलं, बेल ठेवला, भंडारा ओतला. मच्छिंद्र देवाकडं तोंड करून बसला आणि त्यानं डोळे मिटले. ओंजळीत पान. मागं चौघं उभे राहिले, आणि रंभा एका बाजूला. तिचा हात पानाला लागला नव्हता, म्हणून तिला काही म्हणायचं नव्हतं.

वयाप्रमाणं सुरुवात झाली. मारुतराव घसा खाकरून म्हणाले, "सोडलं."

"पावलं," मच्छिंद्र म्हणाला.

तीनदा झालं. मग ताईबाई. ती देवापुढं नेहमी ओरडूनच बोलायची, देव लांब असतो म्हणून. "सोडलं रं माझ्या लेकरा!" मच्छिंद्रानं तीनदा पावलं म्हटलं. त्याचा आवाज दर वेळी बारीक होत गेला. पोपटनं तिन्ही वेळा रागावल्यासारखं म्हटलं, आणि तिसऱ्या वेळी त्याला हुंदका आला.

मग अनसाबाई पुढं सरकली.

रंभा उठून गेल्यावरही ती पडवीतच बसून होती. रिकामी बाटली ओढणारं ते कोकरू बघता बघता तिला वाटलं होतं, आपणही तेच करतोय. दादानं उत्तर दिलं नाही तर नाही. म्हस्कू त्याला आवडायचा. म्हस्कूच म्हणायचा, तुझा दादा एक दिवस मला वरनं आपलं शिवार दाखवणार हाय. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. दोन्ही हात जोडले.

"सोडलं," ती म्हणाली.

लिंबाची पानं हलत होती. मच्छिंद्राची पाठ समोर होती, सरळ. तो काही बोलला नाही.

अनसाबाईनं मामांकडं बघितलं. मारुतरावांनी हातानं खूण केली, पुन्हा म्हण.

"सोडलं, दादा." आवाज कापत होता, पण ताईबाईनं ऐकला, पोपटनं ऐकला, चार हात लांब उभ्या रंभानं ऐकला.

मच्छिंद्र गप्प.

ताईबाईला वाटलं, राग एवढा? बहीण दारात उभी आहे आणि हा कडी काढत नाही? पोपटनं मुठी आवळल्या. पण देवापुढं मध्ये कुणी बोलायचं नसतं.

अनसाबाईचे डोळे भरून आले. "सोडलं," ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि मागं झाली.

इकडं मच्छिंद्र वाट बघत होता. मागं काही हालचाल नव्हती, काही शब्द नव्हता. एकदा त्याच्या मनात ती भिंत आली, पाल आली. पण मामा ऐकू आले होते, आई आली होती, पोपट आला होता. माणसाला हवं ते मिळालं की तो उलटून तपासत बसत नाही. अनसा गप्प राहिली होती. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, आणि उतरताना इतकं दुखलं की त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं.

त्यानं डोळे उघडले, पान देवापुढं ठेवलं आणि उठून वळला. बहीण रडत होती. तिची समजूत काढावी म्हणून तो पुढं झाला, दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"रडू नगंस, अनसा," तो म्हणाला. "बरं केलंस. तुझ्या जागी असतो तर मीबी सोडलं नसतं. तू गप ऱ्हायलीस, ते बरोबरच केलंस."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

अनसाबाईचे ओठ हलले. त्यानं तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं. "काय?"

पहिल्यांदा कळलं ते रंभाला. तिनं तोंडावर पदर दाबला. एसटीच्या थांब्यापासूनचा रस्ता, भाजीतलं मीठ, खिडकीतून लायनीकडं बघणारी ती पाठ, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं.

"त्यांना ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "आत्याबाई, ह्यांना ऐकूच येत न्हाई वो!"

"ती बोलली, दादा," पोपट मोठ्यानं म्हणाला. त्याचा राग कुठल्या कुठं गेला होता. "तिनं सोडलं. तीनदा म्हनली."

मच्छिंद्रानं सगळ्यांकडं बघितलं. आता लपायला कुठं जागा नव्हती. तो देवाच्या ओट्यावर बसला.

"डाक्टरनंबी असंच पाठ करून उभं केलं हुतं," तो म्हणाला. "पुन्याला. मला घेत न्हाईत. कान गेलं. आता न्हाई हुयाचं ते, कधीच."

ताईबाई त्याच्याजवळ गेली. गुडघे टेकून बसली आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "म्हंजी तू रागावला नव्हतास माझ्यावर?" तिनं विचारलं. पुन्हा, तोंड जवळ नेऊन, ओरडून विचारलं, "रागावला नव्हतास?"

"रागावलो हुतो की, आये," मच्छिंद्र म्हणाला. "तेवढंच तर हुतं माझ्याजवळ."

ती हात तसेच धरून राहिली. अनसाबाई मात्र नागपंचमीच्या न्हाणीपाशी जाऊन पोचली होती. धुतलेले हात, उपरणं, न वळलेली मान. तिनं डोळे पुसले. "मामा," ती म्हणाली, "त्यानं पावलं म्हनलं न्हाई. शब्द तसाच बांधलेला ऱ्हायला."

"ऱ्हायला, पोरी," मारुतराव म्हणाले. "पर आता त्याचं काय..."

"न्हाई. बांधलेला ठिवायचा न्हाई."

तिनं देवापुढचं पान उचललं आणि भावाच्या ओंजळीत दिलं. पाठीमागून सोडायची रीत होती, ती तिनं मोडली. समोर उभी राहिली, त्याच्या डोळ्यांत डोळे घातले, आणि नदीपलीकडच्या मेंढराला हाक मारतात तशी छाती भरून ओरडली.

"सोडलं, दादा!"

लिंबावरचे कावळे उठले. एवढा मोठा आवाज तिचा आहे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

हे मात्र त्याला ऐकू आलं.

"पावलं," मच्छिंद्र म्हणाला.

मारुतरावांनी तीन बाऱ्या मोजत न बसता चिमूटभर भंडारा त्याच्या कपाळाला लावला. आता त्याला कुणीच अडवलेलं नव्हतं.